बीएनएसएफ ही मालगाडी कंपनी नेमकी किती रेल्वे मिळून झाली?

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या उन्हाळ्यात आमचे अण्णा इकडे तीन महिने राहून गेले. भुसावळ डिव्हिजनला मालगाडीवर गार्ड होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण अजून गाडीचा आवाज आला की हातातलं काम थांबतं. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरविलमध्ये राहतो, स्टेशन चालत पंधरा मिनिटांवर, त्यामुळे रोज संध्याकाळची फेरी तिकडेच. तीन लाइनी आहेत, लोकल त्यावरूनच आणि मालगाड्या पण त्यावरूनच. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी कोळशाची गाडी गेली, अण्णांनी वाघिणी मोजल्या, एकशे चोवीस झाल्या, आणि शेवटची गेल्यावर म्हणाले "याची ब्रेकव्हॅन कुठंय?" मी सांगितलं की इथे गार्डाचे डबे १९८० च्या दशकातच जायला लागले, आता शेवटच्या कपलरला दिवा असलेली एक पेटी लावतात, ती ब्रेकपाइपचं प्रेशर इंजिनात कळवते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नारिंगी इंजिनाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा कुठला झोन?"

झोन नाही, बीएनएसएफ नावाची खासगी कंपनी आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न, मग ही पहिल्यापासून एकच आहे की आपल्यासारखी जुळवून केलेली? (आपली सेंट्रल रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला झाली, जी.आय.पी., निजाम स्टेट, सिंदिया स्टेट आणि धोलपूर एकत्र करून, हे अण्णांना तोंडपाठ.) मला उत्तर देता आलं नाही. रोज ज्या लाइनीवरून ऑफिसला जातो तिची काहीच माहिती नाही याचं वाईट वाटलं, म्हणून वाचत गेलो, ते इथे लिहितोय. चुकलं तर सांगा.

नावातच अर्धी गोष्ट आहे. बर्लिंग्टन, नॉर्दर्न, सांता फे. कंपनी स्वतः सांगते की जवळपास ३९० लहानमोठ्या रेल्वे तिच्यात विरघळल्यात. सगळ्यांची यादी द्यायची नाहीये, मोठे प्रवाह चार-पाचच आहेत.

सगळ्यात थोरली आमच्या घराजवळचीच निघाली. आरोरा गावच्या लोकांनी १८४९ मध्ये आरोरा ब्रँच रेलरोड काढली, बारा मैल, शिकागोकडे जाणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या लाइनीला जाऊन मिळायचं एवढाच बेत. १८५० मध्ये गाडी सुरू झाली, तीसुद्धा उसन्या इंजिनावर. म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीपेक्षा तीन वर्षं आधी. नेपरविल त्या वाटेवर नव्हतंच, आमच्याकडून थेट शिकागोला लाइन गेली १८६४ मध्ये. या बारा मैलांचंच पुढे शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी झालं, नेब्रास्का, डेन्व्हर, मोंटाना पर्यंत पसरलं, आणि लोक नुसतं "बर्लिंग्टन" म्हणायला लागले.

दुसरा प्रवाह नॉर्दर्न पॅसिफिक. हिचा कायदा लिंकनच्या सहीने १८६४ मध्ये झाला आणि सरकारने वाटेवरची जमीन दिली, हातात आली ती जवळजवळ चार कोटी एकर. एवढं असून पैसे पुरले नाहीत. जे कुक नावाचा बँकर तिचे रोखे विकत होता, त्याची पेढी सप्टेंबर १८७३ मध्ये बुडाली आणि तिच्याबरोबर सगळ्या देशावर मंदी आली. नॉर्थ डकोटात बिस्मार्क गाव आहे ना, ते नाव जर्मन लोकांनी पैसे घालावेत म्हणून दिलेलं. लाइन पूर्ण व्हायला १८८३ उजाडलं.

तिसरा प्रवाह ग्रेट नॉर्दर्न, म्हणजे जेम्स जे. हिल. माझं मत विचाराल तर सगळी गोष्ट याच माणसाची आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओत जन्म, लहानपणी धनुष्यबाणाच्या खेळात उजवा डोळा गेला, सेंट पॉलला येऊन नदीवरच्या बोटींच्या मालाचा हिशेब ठेवायचं काम करत होता. १८७८ मध्ये मित्रांबरोबर एक बुडालेली रेल्वे घेतली आणि ती पश्चिमेकडे रेटत नेली. पॅसिफिकपर्यंतच्या वाढीव लाइनीला सरकारी जमीन मिळाली नाही, त्यामुळे पुढे जाईल तसा माल उभा करत जायचं, गावं वसवायची, शेतकरी आणायचे, त्यांचा गहू ओढायचा, आणि चढ कमीत कमी ठेवायचा कारण चढावर कोळसा जळतो आणि तोच खर्च. डिसेंबर १८८९ मध्ये जॉन स्टीव्हन्स या इंजिनियरने कडाक्याच्या थंडीत मोंटानात मरायस खिंड शोधली, हाच स्टीव्हन्स पुढे पनामा कालव्याचा चीफ इंजिनियर झाला. जानेवारी १८९३ मध्ये लाइन जुळली. त्याच वर्षी परत मंदी आली, नॉर्दर्न पॅसिफिक बुडाली, सांता फे बुडाली, हिलची उभी राहिली.

आता १९०१. हिलला शिकागोपर्यंत स्वतःची वाट पाहिजे होती, म्हणून त्याने आणि जे. पी. मॉर्गनने बर्लिंग्टन घेतली, शेअरला २०० डॉलर देऊन जवळजवळ ९७ टक्के, अर्धी ग्रेट नॉर्दर्नच्या नावावर अर्धी नॉर्दर्न पॅसिफिकच्या. युनियन पॅसिफिक या प्रतिस्पर्धी रेल्वेच्या हॅरिमनला ते पचलं नाही, त्याने गुपचूप नॉर्दर्न पॅसिफिकचेच शेअर उचलायला सुरुवात केली, म्हणजे आपोआप अर्धी बर्लिंग्टन खिशात. ९ मे १९०१ ला तो शेअर १००० डॉलरवर गेला आणि बाकीचा बाजार कोसळला. शेवटी दोघांनी समेट केला, नॉर्दर्न सिक्युरिटीज नावाची एक वरची कंपनी काढून सगळं तिच्यात घातलं. थिओडोर रूझवेल्टने मक्तेदारीचा खटला भरला आणि १४ मार्च १९०४ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने ती मोडायला लावली.

मोडली खरी, पण शेअर त्याच लोकांच्या हातात राहिले आणि बर्लिंग्टनची मालकी दोघींकडे निम्मी निम्मी तशीच राहिली. पुढे दोघींनी मिळून कोलंबिया नदीच्या काठाने पोर्टलंडची लाइन पण बांधली, स्पोकेन, पोर्टलंड अँड सिअ‍ॅटल. १९२७ ला परत विलीनीकरणाचा अर्ज, सरकार म्हणालं बर्लिंग्टन सोडाल तर परवानगी, यांनी अर्जच सोडला. १९५५ पासून परत बोलणी, १९६६ मध्ये इंटरस्टेट कॉमर्स कमिशनने (रेल्वेवर देखरेख करणारं सरकारी मंडळ) ६ विरुद्ध ५ ने नाही म्हटलं, १९६७ मध्ये हो म्हटलं, परत कोर्ट, आणि मार्च १९७० मध्ये चौघी मिळून बर्लिंग्टन नॉर्दर्न. हिलला जाऊन तोपर्यंत चौपन्न वर्षं झाली होती.

वाचून मला जे पटलं ते हे की ही कंपनी १९७० ला किंवा (सांता फे जोडली गेली त्या) १९९५ ला झालेलीच नाही, ती १९०१ ला झाली, फक्त कागदावर यायला सत्तर वर्षं लागली आणि ती सत्तर वर्षं या रेल्वे एकमेकींच्या गाड्या ओढत होत्या, एकमेकींच्या यार्डात शंटिंग करत होत्या, म्हणूनच ती टिकली. सांता फेचं पुढे लिहितो, बोटं दुखली.

---

मिरगाचा_पाऊस

वाचतेय. ब्रेकव्हॅनचं वाचून गलबलून आलं, माझे मामा मनमाडला गार्ड होते. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

काळं_सोनं

सुंदर लेख. मी चंद्रपूरचा, वीज केंद्रात तीस वर्षं कोळसा हाताळणीत काढली त्यामुळे एक भर घालतो. १९७० चं विलीनीकरण टिकलं ते एकमेकींची सवय होती म्हणून असं तुम्ही म्हणताय, ते असेलही, पण कोळसा नसता तर टिकलं नसतं असं मला वाटतं.

त्याच वर्षी अमेरिकेत स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला आणि वीज केंद्रांना गंधक कमी असलेला कोळसा पाहिजे झाला. पूर्वेकडच्या खाणींच्या कोळशात गंधक भरपूर. वायोमिंगच्या पावडर नदीच्या खोऱ्यातला कोळसा उष्मांकाला कमी पण गंधक अगदी थोडं, राखही कमी, आणि थर इतके जाड की वरची माती काढली की फावड्याने उचलायचा. तो बर्लिंग्टनच्या लाइनीच्या बाजूलाच होता. १९७९ मध्ये बीएनने (बर्लिंग्टन नॉर्दर्न) जिलेटपासून ओरिनपर्यंत नवीन लाइन सुरू केली, शे-सव्वाशे मैल, आणि मग तिथून टेक्सासपर्यंत एकेका वीज केंद्रासाठी ठरलेले रेक, खाणीखालून हळूहळू चालत भरायचे आणि केंद्रावर न थांबता रिकामे व्हायचे. आमच्याकडे मेरी-गो-राउंड म्हणतात तेच.

आपल्या कोळशाचं उलटं आहे, गंधक कमी पण राख तीस-चाळीस टक्के, म्हणजे आपण शंभर वाघिणी ओढतो त्यातल्या तीसेक निव्वळ राखेच्या. हे आकडे रोज बघितलेल्या माणसाला पावडर नदीचा कोळसा म्हणजे काय ते लगेच कळेल.

---

सरळरेषा

लेख चांगला आहे पण एक शंका. विलीनीकरण म्हणजे यशच असं चित्र दिसतंय. त्याच काळात पेन सेंट्रल झाली होती, फेब्रुवारी १९६८ मध्ये पेन्सिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या दोन सगळ्यात बलाढ्य रेल्वे एकत्र आल्या आणि जून १९७० मध्ये दिवाळं. म्हणजे बीएन झाली त्यानंतर चारच महिन्यात. एक तरली एक बुडाली ती नुसत्या सवयीने? सरकारी धोरण, मालाचा प्रकार, नशीब, हे काहीच नाही का?

---

तापीकाठ

काळं सोनं काका, मनापासून आभार, हे असं आतून माहीत असलेलं माणूस धाग्यावर आलं की लिहिण्याचं सार्थक होतं.

सरळरेषा, बरोबर पकडलंत, मी घाईत लिहिलं. पेन सेंट्रलचं थोडं वाचलंय. त्या दोघी शंभर वर्षं एकमेकींच्या उरावर बसलेल्या, न्यूयॉर्क-शिकागो दोघींच्याही लाइनी, म्हणजे एकत्र आल्यावर एकाच गावात दोन यार्ड, दोन वर्कशॉप, दोन ऑफिसं आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना शत्रू समजणारी. कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नव्हते, वाघिणी कुठल्या यार्डात पडल्यात ते कळायचं नाही. त्यात पल्ले छोटे, लोकलचा तोटा मोठा, आणि सरकारने न्यू हेवन ही आधीच बुडालेली रेल्वे गळ्यात बांधली. त्या अवशेषांमधून सरकारला १९७६ मध्ये कॉनरेल काढावी लागली, ती सावरली आणि १९९९ मध्ये नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्सने वाटून घेतली.

बीएनचा पल्ला लांब, वाटेत गावं विरळ, आणि मालकी आधीपासून गुंतलेली. पण कोळशाचं काका म्हणतात ते मान्य, तो नसता तर दोन समांतर लाइनी डकोटा-मोंटानातून पोसत बसावं लागलं असतं. त्याच भागात तिसरी एक होती, मिलवॉकी रोड, तिला या विलीनीकरणाच्या अटींमध्ये बरंच काही मिळालं होतं तरी ती १९७७ मध्ये दिवाळ्यात गेली आणि १९८० मध्ये मोंटानातल्या माइल्स सिटीच्या पश्चिमेची लाइन सोडून दिली. एक लाइन मेल्यावर बाकीच्या दोन जगल्या असंही म्हणता येईल.

---

ओवी_टी

तुमच्या लेखात चार कोटी एकर "सरकारने दिली" असं एका वाक्यात येऊन गेलं, तिथे मी अडकले. ती जमीन सरकारची कधी होती? नॉर्दर्न पॅसिफिकचा सर्व्हे यलोस्टोन नदीच्या खोऱ्यात लाकोटा लोकांच्या प्रदेशातून चालला होता, १८७३ मध्ये सर्व्हेवाल्यांच्या संरक्षणाला लष्कर गेलं त्यात कस्टर हा अधिकारी होता आणि तिथे लढाया झाल्या. तीनच वर्षांनी लिटल बिगहॉर्नची लढाई, त्यात तो मारला गेला. रेल्वेचा इतिहास लिहिताना हे येत नाही तेव्हा मला फार खटकतं, मी आदिवासी भागात काम करते, भूसंपादन हा शब्द कागदावर किती गुळगुळीत दिसतो आणि पाड्यावर तो काय असतो ते बघितलंय.

---

तापीकाठ

ओवीताई, तुमचं बरोबर आहे, ते वाक्य मी तसं लिहायला नको होतं. त्या जमिनीच्या पोटातलं तेल, कोळसा, वरचं लाकूड, यावर कंपनीने पुढे शंभर वर्षं कमावलं आणि १९८८ मध्ये बीएनने तो सगळा भाग बर्लिंग्टन रिसोर्सेस म्हणून वेगळा काढला, रेल्वे एकीकडे आणि जमीन-तेल दुसरीकडे. म्हणजे रेल्वे बांधायला म्हणून दिलेली संपत्ती शेवटी रेल्वेपासूनच सुटी झाली. हे मला पण खुपतं.

---

फोर्टवर्थची_सुमा

सांता फेची वाट बघून थकले म्हणून मीच लिहिते, आम्ही फोर्ट वर्थला राहतो, कंपनीचं मुख्य ऑफिस इथेच आहे.

अ‍ॅचिसन, टोपीका अँड सांता फे असं पूर्ण नाव. सायरस हॉलिडे नावाच्या माणसाने १८५९ मध्ये कॅन्ससमध्ये कंपनी काढली, तेव्हा नावात नुसतं अ‍ॅचिसन आणि टोपीका होतं, सांता फे १८६३ मध्ये आलं. गंमत म्हणजे मेन लाइन सांता फे गावात कधी गेलीच नाही, चढ अवघड म्हणून बाजूच्या लेमी गावातून १८८० मध्ये फाटा काढला. रॅटन खिंडीसाठी डेन्व्हर अँड रिओ ग्रँडशी शर्यत लागली होती, १८७८ च्या फेब्रुवारीत सांता फेची माणसं रात्रीच जाऊन खणायला लागली आणि सकाळी दुसरी टोळी पोचली तेव्हा खिंड गेलेली. पुढे रॉयल गॉर्जच्या घळीवरून त्यांच्यात हत्यारबंद माणसं उभी करण्यापर्यंत मजल गेली, तिथे मात्र सांता फेला माघार घ्यावी लागली.

आणि फ्रेड हार्वे! डायनिंग कार सर्रास व्हायच्या आधी स्टेशनवर गाडी थांबली की वीस-पंचवीस मिनिटात गरम जेवण, स्वच्छ टेबलक्लॉथ, वाढायला पूर्वेकडून आलेल्या मुली. १८७६ मध्ये टोपीकाला पहिलं सुरू झालं. त्या मुलींसाठी घर सोडून एकटीने पश्चिमेला जाऊन कमावण्याची ती फार मोठी संधी होती, मला हा भाग सगळ्यात आवडतो.

आता विलीनीकरण. सांता फेने आधी दुसरीचाच हात धरला होता. १९८३ च्या डिसेंबरात तिची आणि सदर्न पॅसिफिकची वरची कंपनी एक झाली, रेल्वेंना परवानगी मिळायची होती पण ती मिळणारच या भरवशावर इंजिनांना लाल-पिवळा नवीन रंग मारायला घेतला, सांता फेच्या इंजिनावर "एसएफ" लिहून शेजारी "एसपी"ची जागा मोकळी, सदर्न पॅसिफिकच्या इंजिनावर उलटं. शेकडो इंजिनं अशी रंगवली. २४ जुलै १९८६ ला कमिशनने नकार दिला, कारण ॲरिझोना-कॅलिफोर्नियात या दोघीच एकमेकींना स्पर्धक, एक झाल्या की गिऱ्हाईक कुठे जाणार. इथल्या रेल्वेवाल्यांनी एसपीएसएफ या अक्षरांचा "शुडन्ट पेंट सो फास्ट", म्हणजे "इतक्या घाईत रंगवू नये" असा अर्थ लावला होता. ती अर्धी मोकळी जागा घेऊन इंजिनं वर्षानुवर्षं फिरत होती.

---

बोगदा_नंबर_२५

सुमाताई जोरदार. घाटवाल्या माणसाची भर. रॅटनचा चढ ३.५ टक्के, म्हणजे आपल्या भाषेत साधारण २८-२९ ला १. बोरघाट ३७ ला १, त्याला आपण मागे बँकर (ढकलायचं जादा इंजिन) लावतो. म्हणून सांता फेने १९०८ मध्ये दक्षिणेकडून बेलेनची वेगळी वाट काढली, ॲबो घळीतून, तिचा चढ फक्त १.२५ टक्के म्हणजे ८० ला १. आज शिकागो-लॉस एंजेलिस सगळी कंटेनर वाहतूक त्या वाटेने जाते, ॲबोच्या घळीत दुसरी लाइन २०११ मध्ये पडली. रॅटनवर आता मालगाड्या जवळजवळ नाहीतच.

आणि हिलच्या वाटेवर कॅस्केड बोगदा आहे, १९२९ चा, साडेबारा किलोमीटर. आपला करबुडे साडेसहा. गाडी गेल्यावर दार लावून मोठ्या पंख्यांनी धूर बाहेर काढतात, तोवर पुढची गाडी आत सोडत नाहीत, त्यामुळे आजही त्या लाइनीची क्षमता त्या बोगद्याने बांधलेली आहे. जुनी लाइन वरून होती, १ मार्च १९१० ला वेलिंग्टन स्टेशनवर हिमस्खलनात दोन गाड्या दरीत गेल्या आणि ९६ माणसं गेली. त्यानंतर हा खालचा बोगदा खणला.

---

जुनं_तिकीट

रॅटनवरून मी गेलोय, पॅसेंजरने. शिकागो-लॉस एंजेलिस साउथवेस्ट चीफ, दोन रात्री. पॅसेंजर गाड्या १९७१ पासून ॲमट्रॅक या सरकारी कंपनीकडे आहेत पण रूळ बीएनएसएफचे. न्यू मेक्सिकोत एका ठिकाणी गाडी ९० मैलाने सुटली, बाकी बहुतेक वेळ ७९ च्या वर नाही. मी अटेंडंटला विचारलं ७९ च का, ८० का नाही, त्याने जे सांगितलं ते धागाकर्त्यांना माहीत असेल, ते तुमच्याच गावचं आहे.

---

तापीकाठ

माहीत आहे, आणि ते मी अण्णांना सांगितलं तेव्हा आम्ही दोघं तिथेच प्लॅटफॉर्मवर उभे होतो. २५ एप्रिल १९४६, दुपारी. बर्लिंग्टनची एक गाडी काही बिघाडाची शंका आली म्हणून नेपरविलला थांबली, मागून त्याच लाइनीवर दोन-तीन मिनिटांच्या अंतराने दुसरी एक्सप्रेस येत होती, ती धडकली, ४५ माणसं गेली. समोर फर्निचरचा कारखाना होता, तिथले कामगार धावत आले. त्यानंतर सरकारने नियम केला की जिथे ड्रायव्हरच्या केबिनमध्ये सिग्नल दिसायची किंवा गाडी आपोआप थांबायची सोय नाही तिथे ८० च्या आत. सांता फेच्या काही भागात तशी सोय होती म्हणून तुमची गाडी ९० ने गेली. स्टेशनजवळ आता रुळाच्या खिळ्यांचं एक शिल्प उभं केलंय त्या लोकांच्या आठवणीत.

अण्णांनी विचारलं, मागच्या गाडीचा गार्ड मागे लाल झेंडी घेऊन किती धावला असेल? म्हटलं मागच्या नाही, थांबलेल्या गाडीचा. ते म्हणाले तेच ते. तो धावला होता, पण दोन मिनिटात किती लांब जाणार.

---

काळं_सोनं

निःशब्द.

---

सरळरेषा

१९९५ चं राहिलं. लिहा.

---

तापीकाठ

लिहितो. १९८० मध्ये दोन गोष्टी झाल्या, स्टॅगर्स कायद्याने भाडं ठरवायचं स्वातंत्र्य रेल्वेला मिळालं, आणि बीएनने फ्रिस्को घेतली. फ्रिस्को म्हणजे सेंट लुइस-सॅन फ्रान्सिस्को, सॅन फ्रान्सिस्कोला कधी पोचलीच नाही, पण तिच्यामुळे बीएनला मेक्सिकोच्या आखाताची, अलाबामाची वाट मिळाली. सांता फेने तिकडे १९८९ मध्ये जे. बी. हंट या ट्रकवाल्यांशी हातमिळवणी केली, ट्रकचं ट्रेलर रेल्वेवर, तोपर्यंत दोघं एकमेकांचे वैरी. त्याने कंटेनरचा धंदा फुटला.

जून १९९४ मध्ये बीएन आणि सांता फेने एकत्र येतोय असं जाहीर केलं. एकीकडे कोळसा-धान्य, दुसरीकडे कंटेनर, एकीचं जाळं उत्तरेला, दुसरीचं दक्षिणेला, समांतर लाइनी फार थोड्या. ऑक्टोबरमध्ये युनियन पॅसिफिक मध्ये पडली, सांता फेसाठी जास्त बोली लावली, म्हणजे १९०१ चा हॅरिमन परत दारात. बोली वाढत वाढत शेवटी ३१ जानेवारी १९९५ ला युनियन पॅसिफिकने माघार घेतली. कमिशनची परवानगी त्या उन्हाळ्यात, २२ सप्टेंबर १९९५ ला नवी कंपनी झाली, रेल्वे कायद्याने एक झाल्या १९९६ च्या शेवटच्या दिवशी. ज्या कमिशनने एवढी वर्षं नाही-हो केलं ते तोपर्यंत स्वतःच बंद झालं होतं, १९९५ संपताना, त्याजागी सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड आलं.

युनियन पॅसिफिकने मग सदर्न पॅसिफिक घेतली आणि १९९७ मध्ये ह्यूस्टनला सगळं तुंबलं, महिनोन्महिने गाड्या उभ्या. त्या सौद्याला परवानगी देताना बीएनएसएफला सुमारे चार हजार मैलांवर गाड्या चालवायचा हक्क मिळाला होता. १९९९ च्या डिसेंबरात बीएनएसएफने कॅनेडियन नॅशनलबरोबर एक व्हायचं जाहीर केलं, पण ह्यूस्टन ताजं होतं, बोर्डाने मार्च २००० मध्ये सगळ्याच मोठ्या विलीनीकरणांना पंधरा महिने थांबवलं, जुलैत सौदा मोडला.

आणि २००९ च्या नोव्हेंबरात वॉरन बफेच्या बर्कशायरने कंपनीच घ्यायचं जाहीर केलं, शेअरला १०० डॉलर, कर्ज धरून एकूण ४४ अब्ज, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सौदा पूर्ण झाला. आज ३२,५०० मैल लाइन, २८ राज्यं.

---

मोंटानातली_थंडी

इतक्या सगळ्यात गावांचं कुणी लिहिलं नाही. मी पाच वर्षं मोंटानात शिकायला होतो. लिव्हिंग्स्टन हे नॉर्दर्न पॅसिफिकचं वर्कशॉपचं गाव, परळ किंवा जमालपूर समजा. बीएनने १९८६ मध्ये ते वर्कशॉप बंद केलं. पुढच्याच वर्षी दक्षिण मोंटानाची मेन लाइन एका छोट्या कंपनीला, मोंटाना रेल लिंकला, भाड्याने देऊन टाकली, कारण दोन समांतर वाटांपैकी हिलची वाट चढाला सोपी. ती परत बीएनएसएफकडे आली २०२४ मध्ये. वॉशिंग्टनमधली स्टॅम्पीड खिंडीची लाइन १९८३ ला बंद केली आणि माल वाढल्यावर १९९६ मध्ये परत उघडावी लागली. म्हणजे कागदावर "दुहेरी लाइन, अनावश्यक" असं लिहून काढलेलं तेरा वर्षांनी आवश्यक झालं. पण वर्कशॉपमधली माणसं तोवर गाव सोडून गेलेली. माझे घरमालक तिथे फिटर होते, त्यांच्या तळघरात नॉर्दर्न पॅसिफिकचा तो लाल-काळा गोल बिल्ला टांगलेला असायचा, बीएनचा नाही.

---

मिरगाचा_पाऊस

हे वाचून भुसावळच्या शेडमधल्या वाफेच्या इंजिनावरचे लोक आठवले. ती माणसं दुसरीकडे घेतली गेली तरी हात रिकामे झाल्यासारखी वागायची.

---

खानदेशी_कापूस

जरा अवांतर पण संबंध आहे म्हणून. हिलला पश्चिमेकडून परत येताना वाघिणी रिकाम्या नको होत्या तशाच पश्चिमेला जातानाही भरून पाहिजे होत्या, म्हणून त्याने जपानशी व्यापार जमवला, स्वतःची जहाजं बांधली. जपानी गिरण्या तेव्हा आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस घ्यायच्या, मुंबई-कोबे जहाजं १८९३ पासून चालू होती. हिलने त्यांना गळ घातली की अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस त्यात मिसळून बघा. म्हणजे सेंट पॉलमधल्या या माणसाची नजर आमच्या जळगाव-अमळनेरच्या गाठींच्या गिऱ्हाइकावर होती. आजोबांची जिनिंग होती म्हणून हे मला फार जवळचं वाटतं.

---

सरळरेषा

आता परत तेच सुरू झालंय. २०२५ च्या जुलैमध्ये युनियन पॅसिफिकने नॉरफोक सदर्न घ्यायचं जाहीर केलं, ८५ अब्ज डॉलर, एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत एकच कंपनी. तापीकाठ, तुमच्या निकषाने हे टिकेल का?

---

तापीकाठ

समांतर लाइनी जवळजवळ नाहीत, शिकागो-सेंट लुइस-मेम्फिसला टोकाला टोक जुळतं, त्या बाबतीत पेन सेंट्रलपेक्षा १९९५ च्या जवळचं आहे. पण १९०१ सारखी गुंतलेली मालकी नाही आणि पावडर नदीसारखा कोळसाही आता नाही, वायोमिंगचं उत्पादन २००८ च्या निम्म्याखाली आलंय. मला भीती वाटते ती पहिल्या दोन वर्षांची, ह्यूस्टनसारखी. आणि थंडीने लिहिलंय तसं एखादं लिव्हिंग्स्टन यात असणारच, ते कुठलं हे अजून त्या गावालाही माहीत नसेल.

अण्णांना काल फोनवर हा सगळा धागा वाचून दाखवला, पाऊण तास लागला. मोंटाना रेल लिंकचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, त्या भाड्याच्या छत्तीसेक वर्षांत तिथल्या स्टाफची सिनियॉरिटी कशी धरली ते विचार. मोंटानातली थंडी, तुमच्या घरमालकांशी अजून संपर्क असेल तर विचाराल का?

---

मोंटानातली_थंडी

नाताळला फोन असतो त्यांचा. विचारतो आणि इथेच लिहितो. अण्णांना नमस्कार सांगा.